ठेवी कुणाच्या, नाव कुणाचं?
गौतम गंभीर यांच्या कारभाराचा ताळेबंद



२६ नोव्हेंबरला गुवाहाटीची कसोटी संपली आणि आपल्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जी जुंपली, ती रात्री उशिरापर्यंत काही थांबेना. भारत ४०८ धावांनी हरला होता. धावांच्या हिशेबात कसोटीतला आपला हा आजवरचा सर्वांत मोठा पराभव. एकाने लिहिलं, ‘गंभीरला आजच्या आज घरी पाठवा.’ दुसऱ्याने उलट विचारलं, ‘ज्याच्या हाताखाली चॅम्पियन्स ट्रॉफी आली त्यालाच नावं ठेवता?’ शेवटी सोलापूरच्या एका भाच्याने आम्हालाच पुढे केलं : ‘मामा, जन्मभर बँकेत हिशेब तपासलेत. आता याचाही ताळेबंद मांडा की.’ म्हणून हा लेख.

आधीच सांगून टाकतो, आम्ही क्रिकेटचे तज्ज्ञ नाही. हिप्परग्याच्या शिवारात तूर काढून झाली की मोकळ्या रानात टेनिस बॉलने खेळलेले, आणि ट्रान्झिस्टर कानाला लावून मोठे झालेले आम्ही प्रेक्षक. सीमाभागातला असल्यामुळे आमचा जीव दोन्हीकडे अडकलेला. रणजीत कर्नाटक आणि मुंबई समोरासमोर आले की एकाच घरात दोन तट पडायचे. राहुल द्रविड मात्र दोन्ही तटांचा. जन्म इंदूरचा, घर मराठी, क्रिकेट बंगळूरचं. त्यामुळे द्रविड यांच्यानंतर त्यांच्या खुर्चीत कोण बसतं, याकडे आमचं जरा जास्तच लक्ष होतं.

आता ताळेबंद. पद्धतीप्रमाणे आधी जमेची बाजू.

खेळाडू म्हणून गंभीर यांचं नाणं खणखणीत, यात वाद नाही. २००७च्या टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ७५ धावा आणि २ एप्रिल २०११ला वानखेडेवर ९७ धावा, या दोन्ही खेळी त्यांच्या. २००९मध्ये नेपियरला त्यांनी दहा तासांहून जास्त वेळ उभं राहून १३७ धावा केल्या आणि कसोटी वाचवली. कर्णधार म्हणून कोलकात्याला २०१२ आणि २०१४ला आयपीएल जिंकून दिली.

प्रशिक्षक म्हणूनही जमा आहे. ९ जुलै २०२४ला त्यांची नेमणूक झाली. त्यानंतर मार्च २०२५मध्ये दुबईत भारताने एकही सामना न हरता चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकली. त्या संघात पाच फिरकीपटू नेले म्हणून टीका झाली होती. पण न्यूझीलंडविरुद्धच्या साखळी सामन्यात वरुण चक्रवर्तीने पाच बळी घेतले आणि टीकाकार गप्प झाले. सप्टेंबरमध्ये आशिया चषक आला. इंग्लंडमध्ये नव्या, तरुण संघाने मालिका २-२ अशी बरोबरीत सोडवली आणि ओव्हलची शेवटची कसोटी ६ धावांनी जिंकली. हे सगळं त्यांच्या खात्यात जमा करायलाच हवं.

आता नावे बाजू.

सुरुवातीलाच, ऑगस्ट २०२४मध्ये, श्रीलंकेत एकदिवसीय मालिका ०-२ अशी गेली. श्रीलंकेकडून अशी मालिका आपण २७ वर्षांनी हरलो. मग ऑक्टोबरमध्ये न्यूझीलंड आलं. बंगळूरला ४६ धावांत डाव संपला. दुसरी कसोटी पुण्याची. आपल्या मंडळाचे आम्ही काही जण तिसऱ्या दिवशी, शनिवारी, डबे बांधून गहुंजेला गेलो होतो. सुट्टी म्हणून नातवंडंही बरोबर होती. ३५९ धावांचा पाठलाग होता, जयस्वाल ७७ धावा करून लढला, पण संध्याकाळ होण्याआधी सामना संपला. सँटनरने त्या कसोटीत १३ बळी घेतले. परतताना गाडीत कुणी बोलत नव्हतं. एका नातवाने विचारलं, ‘आजोबा, आपण घरी हरत नाही ना?’ आम्ही म्हटलं, ‘हरत नव्हतो.’ पुढच्याच आठवड्यात मुंबईत १४७ धावा करायच्या होत्या, त्याही झाल्या नाहीत. मालिका ०-३.

पाठोपाठ ऑस्ट्रेलियात १-३. पहिल्या दोन्ही कसोटी अजिंक्यपद स्पर्धांची अंतिम फेरी खेळलेला भारत तिसऱ्या वेळी बाहेर राहिला. आणि आता दक्षिण आफ्रिका ०-२. त्यांनी भारतात कसोटी मालिका जिंकली ती २५ वर्षांनी.

एकूण आकडे असे : गंभीर यांच्या काळात गुवाहाटीपर्यंत १९ कसोटी, ७ विजय, १० पराभव, २ अनिर्णित. त्यांतल्या मायदेशातल्या ९ कसोटींपैकी ४ जिंकल्या, ५ हरल्या. याच्याशेजारी दुसरा आकडा ठेवा. २०१३पासून न्यूझीलंडची मालिका सुरू होईपर्यंत भारताने घरच्या मैदानावर सलग १८ कसोटी मालिका जिंकल्या होत्या, आणि त्या जवळपास बारा वर्षांत घरी हरलेल्या कसोटी फक्त ४ : पुणे, चेन्नई, इंदूर आणि हैदराबाद. बारा वर्षांत चार आणि नंतरच्या तेरा-चौदा महिन्यांत पाच.

एवढ्यावरच कुणाला दोषी ठरवणं बरोबर नाही, हे आम्हालाही कळतं. अश्विनने डिसेंबर २०२४मध्ये निवृत्ती घेतली. मे २०२५मध्ये एका आठवड्याच्या आत रोहित आणि विराट कसोटीतून गेले. कोलकात्यात कर्णधार गिल मान आखडल्यामुळे तीन चेंडू खेळून बाहेर पडला, तो पुन्हा उतरलाच नाही. संघनिवडही एकट्या प्रशिक्षकाची नसते, तेव्हा अजित आगरकर यांची समिती होती. शाखा तोट्यात गेली की नेहमीच मॅनेजर चोर नसतो. कधी दुष्काळ असतो, कधी वरून आलेली धोरणं असतात.

मग मॅनेजरकडे काय पाहायचं? आमच्या नोकरीत एक गोष्ट आम्ही फार लवकर शिकलो. एखादे साहेब मोठ्या शाखेत बदलून यायचे. शाखेत ठेवी भरपूर, वसुली चांगली, जुना स्टाफ कामाचा. वर्षाअखेरीला आकडे छान दिसायचे आणि साहेबांचा सत्कार व्हायचा. ठेवी मात्र आधीच्या दोन-तीन मॅनेजरांनी गावोगाव फिरून आणलेल्या. साहेबांची खरी ओळख दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी व्हायची, जुन्या ठेवींची मुदत संपून नव्या आणायची वेळ आली की.

गंभीर यांना मिळालेली शाखा कोणती होती? मर्यादित षटकांच्या क्रिकेटमध्ये, त्यांच्या आगमनाआधी दहा दिवस, २९ जून २०२४ला भारत टी-२० विश्वविजेता झाला होता. २०२३च्या एकदिवसीय विश्वचषकात सलग दहा सामने जिंकून आपण अंतिम फेरीत हरलो होतो. ही ठेव रोहित आणि द्रविड यांनी जमवलेली. गंभीर यांनी ती उधळली नाही, व्याज मिळवलं, हे मान्य. पण ‘चॅम्पियन्स ट्रॉफी गंभीरने आणली’ असं म्हणताना मुद्दल कुणाचं होतं हेही म्हणावं.

आयपीएलचंही तसंच. २०२४मध्ये कोलकाता जिंकलं तेव्हा गंभीर मार्गदर्शक होते आणि सगळं श्रेय त्यांच्याकडे गेलं. त्या संघाचे मुख्य प्रशिक्षक कोण होते, हे आमच्या गटावर विचारलं तर चौघांनाच सांगता आलं. ते होते चंद्रकांत पंडित. कर्णधार होता श्रेयस अय्यर. दोघेही मुंबईचे, पण मुद्दा तो नाही. गंभीर यांचे चाहते म्हणतील की ते गेल्यावर २०२५मध्ये कोलकाता आठव्या क्रमांकावर घसरलं. खरं आहे. पण त्याच वर्षी श्रेयसही कोलकात्यातून गेला होता, आणि तो ज्या पंजाबचा कर्णधार झाला तो संघ अंतिम फेरीत पोहोचला. म्हणजे ठेव नेमकी कुणाच्या नावावर होती, हे दिसतं तितकं सोपं नाही.

या यशाच्या जोरावरच त्यांना भारताचं पद मिळालं. त्याआधी त्यांनी कुठल्याही संघाचं मुख्य प्रशिक्षकपद सांभाळलं नव्हतं, आणि लाल चेंडूच्या क्रिकेटमध्ये तर शून्य अनुभव. द्रविड यांनी आधी भारत ‘अ’ आणि १९ वर्षांखालील संघ सांभाळले, बंगळूरची राष्ट्रीय अकादमी चालवली, मग मोठ्या खुर्चीत बसले. दोन महिन्यांच्या टी-२० स्पर्धेतल्या नावावर पाच दिवसांच्या क्रिकेटची जबाबदारी देणं म्हणजे सोनेतारण कर्ज उत्तम सांभाळणाऱ्याला एकदम शेतीकर्जाचा विभाग देण्यासारखं. माणूस हुशार असेल, पण मृगाचा पाऊस लांबला तर काय होतं हे त्याला नव्याने शिकावं लागतं, आणि शिकण्याची फी बँक भरते.

आता त्यांच्या स्वतःच्या निर्णयांकडे येऊ. इथे सबब कमी आणि जबाबदारी जास्त आहे.

पहिली गोष्ट खेळपट्टीची. २०२४मध्ये पुण्यात आणि मुंबईत चेंडू फिरेल अशा खेळपट्ट्यांवर आपलेच फलंदाज अडकले. त्यातून शिकायला एक वर्ष होतं. तरी नोव्हेंबर २०२५मध्ये कोलकात्यात तशाच खेळपट्टीवर आपण १२४ धावांचा पाठलाग करताना ९३ धावांत बाद झालो. सामना तीन दिवसांत संपला. नंतर गंभीर यांनी स्वतःच सांगितलं की खेळपट्टी आम्ही मागितली तशीच होती आणि तिच्यात काही वाईट नव्हतं. त्याच खेळपट्टीवर आफ्रिकेच्या बवुमाने संयमाने नाबाद ५५ धावा केल्या. अशी खेळपट्टी मागायची तर ज्यांना तिच्यावर खेळता येतं असे फलंदाज आपल्याकडे आहेत का, हे आधी पाहायला नको? सायमन हार्मरने दोन कसोटींत १७ बळी घेतले. आपल्या तुलनेत त्यांचे फिरकीपटू सरस ठरले, तेही आपल्या अंगणात.

दुसरी गोष्ट घडी बसवण्याची. कोलकात्यात वॉशिंग्टन सुंदरला तिसऱ्या क्रमांकावर पाठवलं. आठवड्याभराने गुवाहाटीत तोच आठव्या क्रमांकावर आला. ज्या तिसऱ्या जागेवर द्रविड आणि पुजारा मिळून वीसेक वर्षं नांगर टाकून उभे राहिले, ती जागा आज संगीत खुर्ची झाली आहे. सरफराज खानने बंगळूरला न्यूझीलंडविरुद्ध १५० धावा केल्या. ऑस्ट्रेलियात पाच कसोटींत त्याला एकदाही खेळवलं नाही. आपल्या कर्नाटकच्या करुण नायरला आठ वर्षांनी बोलावलं, इंग्लंडमध्ये चार कसोटी खेळवलं आणि लगेच वगळलं. त्याच्या धावा कमी होत्या हे खरं. पण महिन्या-महिन्याला टेबल बदललेला कारकून आपल्या कामात कधी तयार होणार?

तिसरी गोष्ट बोलण्याची. गुवाहाटीनंतर गंभीर म्हणाले की दोष सगळ्यांचा आहे आणि सुरुवात माझ्यापासून होते. हे मनाला बरं वाटलं. त्यांच्या भवितव्याचा निर्णय मंडळाने घ्यावा, भारतीय क्रिकेट महत्त्वाचं आहे, आपण नाही, असंही ते म्हणाले. पण त्याच ओघात त्यांनी आठवण करून दिली की इंग्लंडमधली बरोबरी, चॅम्पियन्स ट्रॉफी आणि आशिया चषक आपल्याच काळातले आहेत.

इथे आमच्यातला जुना अधिकारी जागा झाला. बँकेत एक वाईट प्रथा होती. एक खातं थकलं की त्याच माणसाला दुसरं नवं कर्ज द्यायचं आणि त्या पैशातून जुनं खातं नियमित दाखवायचं. कागदावर थकबाकी नाही, प्रत्यक्षात दोन्ही कर्जं डोक्यावर. रिझर्व्ह बँकेचे तपासनीस नेमकं हेच शोधत यायचे. टी-२०च्या चषकाने कसोटीची थकबाकी भरून दाखवणं ही तीच प्रथा. दोन खाती वेगळी आहेत आणि ती वेगळीच तपासली पाहिजेत. ६ डिसेंबर २०२५ला आपण विशाखापट्टणमला जिंकून दक्षिण आफ्रिकेविरुद्धची एकदिवसीय मालिका २-१ अशी घेतली आणि लगेच आमच्या गटावर गुवाहाटीचा विषय बंद झाला. म्हणजे ही प्रथा आपण प्रेक्षकच चालवतो.

मोठा खेळाडू म्हणजे मोठा प्रशिक्षक, हा आपला आणखी एक जुना भ्रम. ग्रेग चॅपेल यांच्याएवढा मोठा फलंदाज क्वचित. पण २००५ ते २००७ या त्यांच्या काळात संघात फूट पडली आणि २००७च्या विश्वचषकात आपण पहिल्याच फेरीत घरी आलो. उलट रमाकांत आचरेकर सर. प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले, तोही स्टेट बँकेच्या संघाकडून. पण त्यांच्या हाताखालून सचिन घडला, प्रवीण आमरे घडला, चंद्रकांत पंडितही घडले. याच पंडितांच्या नेतृत्वाखाली १९९९मध्ये मध्य प्रदेश बंगळूरला कर्नाटककडून रणजीची अंतिम लढत हरलं. पुढे प्रशिक्षक म्हणून त्यांनी मुंबईला, विदर्भाला आणि २०२२मध्ये त्याच बंगळूरच्या मैदानावर त्याच मध्य प्रदेशला रणजी जिंकून दिली. विदर्भाकडे आणि मध्य प्रदेशाकडे तोवर एकही रणजी करंडक नव्हता. ही त्यांनी स्वतः आणलेली ठेव.

अनिल कुंबळेंचंही पाहा. २०१६-१७च्या एका वर्षात त्यांच्या प्रशिक्षकपदाखाली १७ कसोटींत १२ विजय आणि फक्त १ पराभव. बहुतेक सामने घरचे होते हे मान्य, पण घरचेच सामने आज आपण हरतो आहोत. कर्णधाराशी पटलं नाही, म्हणून त्यांनी जून २०१७मध्ये राजीनामा दिला. ज्याच्या नावाचा आवाज मोठा तो टिकतो आणि ज्याचं काम मोठं तो जातो, असं कधी कधी घडतं.

दुसरी बाजूही आम्हाला आठवते. अजित वाडेकर आमच्यासारखेच बँकेतले, स्टेट बँकेचे अधिकारी. १९७१मध्ये वेस्ट इंडीज आणि इंग्लंड जिंकून आले तेव्हा देशाने डोक्यावर घेतलं. १९७४मध्ये लॉर्ड्सवर ४२ धावांत डाव संपला, मालिका ०-३ गेली आणि त्याच देशाने त्यांना पायाखाली तुडवलं. १९९०च्या दशकात तेच व्यवस्थापक-प्रशिक्षक झाले आणि १९९३मध्ये इंग्लंडला घरी ३-० हरवलं. म्हणजे १९७१चा देवही खोटा होता आणि १९७४चा खलनायकही खोटा होता. माणूस एकच, हिशेब मात्र आपण कधी नीट मांडला नाही.

म्हणून गंभीर यांना आजच घरी पाठवा, असं आम्ही म्हणणार नाही. त्यांचा करार २०२७च्या एकदिवसीय विश्वचषकापर्यंतचा आहे आणि मर्यादित षटकांत त्यांनी तो मोडावा असं काही केलेलं नाही. पण कसोटीचा कारभार वेगळ्या हाती द्यावा, किंवा निदान लाल चेंडूत मुरलेला एक वरिष्ठ माणूस बरोबरीच्या अधिकाराने शेजारी बसवावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. इंग्लंडने २०२२मध्ये कसोटीसाठी आणि मर्यादित षटकांसाठी वेगळे प्रशिक्षक नेमले होते. आपल्याकडे देशांतर्गत क्रिकेटमध्ये आयुष्य घालवलेली माणसं आहेत. २०२७च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलिया पाच कसोटींसाठी येणार आहे. 

त्याआधी फेब्रुवारी २०२६चा टी-२० विश्वचषक, तोही आपल्याच घरी. आपण जिंकावं असं आम्हालाही मनापासून वाटतं, पेढेही आम्हीच वाटू. पण त्या दिवशी गटावर ‘बघा, गंभीरने दाखवून दिलं’ असा संदेश आला तर आमचं उत्तर आजच लिहून ठेवतो : अभिनंदन, ते खातं वेगळं.

जाता जाता घरचं सांगतो. आपल्या मंडळातही गेली काही वर्षं कार्यक्रम ठरला की आधी ‘नाव’ शोधलं जातं. पाहुणा मोठा हवा, अध्यक्ष मोठा हवा. खुर्च्या लावणारी, हॉलचं भाडं गोळा करणारी, हिप्परग्याहून येणाऱ्या वयस्कर मंडळींना स्टँडवरून घेऊन येणारी पोरं-पोरी फोटोत कुठेच नसतात. ठेवी त्यांच्या, नाव दुसऱ्याचं. मागच्या संमेलनाचा जमाखर्च अजून सभेपुढे आलेला नाही, आणि तो मागायचा राहिला यात आमचाही दोष आहे. दिल्लीच्या माणसाकडे हिशेब मागायचा तर सुरुवात घरापासून करावी. येत्या सर्वसाधारण सभेत आम्ही तो मागणार आहोत. आपणही या.

गुवाहाटीच्या रात्री तो नातू पुन्हा फोनवर होता. म्हणाला, ‘आजोबा, परत कधी घरी जिंकायला लागायचं?’ आम्ही म्हटलं, ‘बाळा, आधी हरलो कशाने ते खरं लिहून काढू, मग बघू.’